गाठोडं

"बाबा, असं धडपडत उठू नका हो!" लेक ओरडली, तोवर कडकराव उठून बसलेही होते. इस्त्रीच्या टेबलामागे, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर दुपारची डुलकी काढायची त्यांची जुनी सवय. हल्ली मात्र जाग यायची ती छातीतली धडधड घेऊनच.

"पुन्हा तेच?"

"काही नाही गं. जरा पळालो."

"झोपेत?"

आता हिला काय सांगणार, कपाळ! स्वप्नात बायको जिना चढत असायची, खांद्यावर कपड्यांचं भलंमोठं गाठोडं. यांनी इस्त्री करायची, तिनं घरोघरी पोचवायचं, असाच सगळा संसार झाला. गेल्या वर्षी ती गेली. "अगं थांब, मी घेतो," म्हणत कडकराव मागं धावायचे. जिना संपायचा नाही, भिंती चादरींसारख्या हलायच्या, आणि ती आपली पुढं. आज तर गाठोड्याची गाठ बोटांना लागली होती. नेमकी तेव्हाच मेली जाग आली!

लेकीनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं. सगळं ठीक निघालं.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"चहा पितो की!"

"म्हणजे झालंच! दिवसभर धगीपाशी उभं राहायचं, घाम गाळायचा, पाणी नाही, वर झोपायच्या आधी चहा. त्यात स्वप्नात धावता आणि ताडकन उठता. हृदयानं करायचं काय? पाणी प्या. दुपारचा चहा बंद. जाग आली की पडून राहा, श्वास सावकाश सोडा, मग उठा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना, तर तडक इकडे या."

"आणि स्वप्नं?"

"झोप शांत लागली की तीही जातील बहुतेक," बाई हसून म्हणाल्या.

म्हणजे स्वप्नातली तीही जाणार! घरी आल्यावर कडकरावांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "मला नको ते उपचार."

लेक रागावली नाही. नुसती म्हणाली, "आई गेली. आता तुम्हीपण मला घाबरवणार का?"

कडकरावांनी तांब्या तोंडाला लावला.

हळूहळू धडधड कमी झाली. एका दुपारी ते जागे झाले, तर छतावरचा पंखा सावकाश फिरत होता. जिना नव्हता, कुणीच नव्हतं. लेकीनं मनगट धरून नाडी पाहिली. "बघा, किती शांत!"

"हो गं. शांतच झालं सगळं."

संध्याकाळी त्यांनी इस्त्रीचे कपडे स्वतःच गाठोड्यात बांधले आणि खांद्यावर घेतले. वर्षभर गिऱ्हाइकं येऊन नेत होती. "अहो बाबा, जमेल का?" असं लेक विचारेपर्यंत ते समोरच्या इमारतीत शिरलेसुद्धा. गाठोडं चांगलंच जड होतं. हे ती रोज कसं न्यायची, कोण जाणे. कधी बोलली नाही.

पहिल्या मजल्यावर दम लागला. ते पायरीवर टेकले, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे श्वास सावकाश सोडला. गाठोडं मांडीवर घेतलं, आणि नकळत भिंतीकडं सरकून शेजारी जागा केली.