भाडेकरूचा शेवट

गुरुवारी भोसरीतले गाळे बंद असतात. लेथ थांबलेले, तेलाचा वास मात्र तसाच, आणि एरवी मशीनच्या वर आवाज चढवून बोलणारी माणसं सुट्टीच्या दिवशीही ओरडूनच बोलतात. आबाजींच्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आतला वाद रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. स्वरूपा वाकून आत शिरली तसा तो थांबला.

"ये, ये," सोपानकाका म्हणाले. "वही आणलीस ना?"

तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, कंपनीतली जुनी रजिस्टर-वही. वडिलांच्या हातची त्यात पावणेदोनशे पानं होती. वडील जाऊन तीन महिने होत आले होते.

ज्योतीराम, तिचे वडील, एकतीस वर्षं गिअर बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस होते, आधी भोसरीत, मग कंपनी चाकणला हलली तेव्हा तिथे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. महिन्याला एक प्रकरण व्हायचं आणि ते महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी इथे वाचलं जायचं. ऐकायला तिघं. टूलरूममधून निवृत्त झालेले सोपानराव, वडिलांचे चाळीस वर्षांचे दोस्त. वडिलांच्याच हाताखाली तपासणी शिकलेली, लातूरहून आलेली कस्तुरा. आणि गाळ्याचे मालक आबाजी. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या. पुस्तकाचा आणि त्यांचा एरवी काही संबंध नव्हता. ते सुरुवातीला फक्त पंख्याचं बटण दाखवायला थांबले होते, ते तिथेच बसले.

कादंबरीत एक परग्रहावरचा जीव होता. त्याला शरीर नव्हतं. चाकणच्या एका गोदामात उतरून तो माणसांच्या डोक्यात राहायला लागतो. सगळ्या माणसांची अक्कल एकत्र केली तरी त्याच्या पासंगाला पुरत नाही. तुम्ही त्याच्याविरुद्ध बेत आखता तो त्याच्याच घरात बसून आखता, त्यामुळे तुमच्या आधी त्याला कळतो. आणि तो कधी धमकावत नाही. तुमच्याच आवाजात, समजूतदारपणे, एवढंच म्हणतो की झालं, एवढं पुरे. बघेल कोणीतरी. तुला खूप कामं आहेत. माणूस मान हलवतो, सही करतो, हसतो, आणि आत कोणी नसतं. असं हळूहळू सगळ्या पट्ट्यातले कारखाने रिकामे होतात, माणसांनी भरलेले असताना.

वडिलांनी त्याला नाव दिलं नव्हतं. आबाजींनी दिलं, भाडेकरू.

"आमचं काय चाललं होतं," कस्तुरा स्वरूपाला म्हणाली, "की ह्यो मरतो का नाही. मी म्हणलं, दहा जणांनी मिळून बेत करायचा. प्रत्येकाला एकच तुकडा ठाऊक. पुरा बेत कोणाच्याच डोक्यात नाही. मग त्याला कुठून कळंल?"

"दहाही डोकी त्याचीच की," सोपानकाका म्हणाले. "तुकडे तो जोडणार न्हाई व्हय? तू एका ड्रॉइंगवरून अख्खी असेंब्ली सांगतेस."

"मी सांगू का," आबाजी म्हणाले. "तीस वरसं झाली, खोल्या भाड्यानं देतोय. लाईट तोडली, पाणी तोडलं, बाड-बिस्तरा भायेर टाकला. त्यानं भाडेकरू जात न्हाई. त्याला करमेनासं झालं, की मंग जातो. आपल्या पायानं."

"मग त्याला करमू द्यायचं नाही? भजनं म्हणायची?" सोपानकाकांनी विचारलं.

"तुमी म्हना. तुमचा आवाज आयकून मीच खोली सोडीन."

कस्तुरा तोंडाला पदर लावून हसली. सोपानकाका हसले नाहीत. "माझं एकच म्हणणं," ते म्हणाले. "तो आपल्यापेक्षा हुशार. बरोबर? मग उद्या आपण म्हणालो, हरवला त्याला, पेढे वाटा. तर ते आपण म्हणतोय का त्याने म्हणवलंय? आपण जिंकलो असं वाटवणं त्याला जड नाही. ज्योतीरामला मी हे बारा वेळा विचारलं. तो नुसता हसायचा. म्हणायचा, शेवटचं प्रकरण पास होऊ दे."

पास. तिघांनी वहीकडे पाहिलं, आणि स्वरूपानेही.

आतल्या पहिल्याच पानावर वडिलांनी पट्टीने एक चौकट आखली होती, कंपनीत नव्या मालाचा पहिला नग तपासून भरतात त्या अहवालासारखी. डावीकडे प्रकरणाचा क्रमांक, पुढे 'बनवणारा', 'तपासणारा', 'निर्णय'. त्यांच्या खात्याचा नियम होता की जो नग बनवतो त्याने तो तपासायचा नाही. तेरा प्रकरणं या तिघांनी ऐकून पास केली होती, तिथे त्यांच्या सह्या होत्या. आबाजींचीही, मोठ्या, घट्ट अक्षरांत. चौदाव्या, शेवटच्या प्रकरणासमोर वडिलांनी 'तपासणारा' या रकान्यात आधीच नाव लिहून ठेवलं होतं, स्वरूपा. 'निर्णय'मध्ये 'पास', आणि तिची सही. डिसेंबरची तारीख.

"पुस्तकंच तपासते ना ती," वडील सगळ्यांना सांगायचे. ते खरं होतं. पुण्यात एका प्रकाशकाकडे ती संपादनाचं काम करायची. अनोळखी माणसांची हस्तलिखितं ती पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचायची आणि समासात सभ्य भाषेत शंका लिहायची.

"वाच," सोपानकाका म्हणाले. "आम्ही दिवाळीपासून थांबलोय."

तिने पान उघडलं. गेले चार दिवस, सोपानकाकांचा फोन आल्यापासून, ती ही वही उघडणार होती. त्याआधी, वडील गेल्यापासून, ती तिला उघडता येत नव्हती, आणि ते दुःखामुळे आहे असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलाही.

चौदावं प्रकरण सात पानांचं होतं. वडिलांची भाषा साधी, वाक्यं आखूड. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत नऊशे अंश तापमानाला भाडेकरू जळून मरतो, अशी तजवीज होती. वाचता वाचता तिला जाणवलं की हे कच्चं आहे. एवढा हुशार जीव भट्टीत जाईलच कशाला? तिने मान वर केली. आबाजींच्या कपाळावर आठी होती. ती पुढे वाचत राहिली. भाडेकरू गेल्यावर सगळे कामगार उपाहारगृहात जमतात, आणि गणराज सगळ्यांना चहा ओतून देतो.

"थांब," कस्तुरा म्हणाली.

स्वरूपा थांबली.

"गणराज?"

"गणराज," स्वरूपाने पुन्हा ओळीवर बोट ठेवून पाहिलं.

"अवं, त्यो तर मेला," आबाजी म्हणाले. "चौथ्यातच. प्रेसखाली. मी दोन दिस जेवलो न्हवतो त्याच्यापायी."

मग कस्तुरा हसली, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम लाड आला. "ज्योतीरामकाका पण ना. ससा सोडला होता त्यांनी."

स्वरूपाला कळलं नाही, ते कस्तुराच्या लक्षात आलं. "आमच्यात असतं ते, ताई. रेड रॅबिट म्हणतेत. मुद्दाम बिघडवलेला एक नग चांगल्या मालात सोडायचा आणि बघायचं, तपासणारा पकडतो का. मशीनची परीक्षा असली तर नग लाल रंगवतेत. माणसाची असली तर नाही रंगवत. काका दर सोमवारी माझ्या ट्रेमधी एक टाकायचे. पहिल्या वर्षी मी रडायची." तिने वही स्वतःकडे ओढून ओळ वाचली. "चहाच द्यायला लावला गणराजला. बघा की."

स्वरूपाला डिसेंबरमधली ती सकाळ आठवली. वडिलांच्या आकुर्डीच्या घराचं स्वयंपाकघर. खाली टॅक्सी उभी होती. वही तिच्याकडे तीन आठवडे पडून होती, आणि ती तिने उघडली होती फक्त एकदा, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. आमचे बाबा परग्रहावरचा जंतू चाकणला उतरवतायत, असं म्हणून तिने एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला होता. सगळे हसले होते. प्रेमानेच हसले होते, असं तिने तेव्हा ठरवलं होतं.

त्या सकाळी तिने ओट्यावर वही ठेवून सही केली आणि म्हणाली, "शेवट खूप आवडला, बाबा."

"हो?" वडील म्हणाले. चष्मा पुसत होते. "आणि गणराज कसा वाटला?"

"गणराज तर छानच आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "डबा घेतलास का? भाजीला मीठ कमी आहे आज."

त्यांनी तिला दुसऱ्यांदा संधी दिली होती, आणि तीही तिला दिसली नव्हती. या क्षणी, गाळ्यातल्या खुर्चीवर, तिचे कान गरम झाले. ती बेचाळीस वर्षांची होती.

आबाजींनी वही मागे चाळली, आणि त्यांची नजर पहिल्या पानावर गेली, स्वरूपाच्या सहीवर. कस्तुराचीही गेली. कस्तुराचा हसरा चेहरा बदलला, पण ती लगेच सावरली.

"ताईंनी पकडलं असंल की," ती घाईने म्हणाली. "काकांनी वहीत दुरुस्त करायचं राहून गेलं असंल. आजारीच होते त्या वक्ताला."

"तसंच असंल," आबाजी म्हणाले. त्यांनी वही मिटून स्वरूपाकडे सरकवली, जणू प्रश्न मिटला.

फक्त मान हलवायची होती. तिच्या डोक्यात वाक्यं तयारच होती. यांना उगाच वाईट वाटेल. बाबांची लेक म्हणून यांच्या मनात जे आहे ते बाबांसाठी तरी राहू दे. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. तुला आधीच किती त्रास झालाय. सगळी वाक्यं चांगली होती, समजूतदार होती, आणि तिच्याच आवाजात होती.

"मी पकडलं नाही," ती म्हणाली. "मी वाचलंच नव्हतं. न वाचता सही केली."

तिला वाटलं होतं, आणखी काही सांगावं लागेल. कस्तुराने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. आबाजी शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसले.

"मला ठाऊक होतं," सोपानकाका म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"त्याच दिवशी फोन आला त्याचा. म्हणाला, नग सुटला रे. मी म्हटलं, मग सांग तिला. तर म्हणाला, सांगून पकडला तर ती तपासणी कसली. वाचेल कधीतरी, तिला कामं फार आहेत."

"रागावले होते?"

"राग असता तर बरं होतं," ते म्हणाले. त्यांनी ते तिला टोचायला म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. "दोन दिवस बाहेर पडला नाही."

"मग आज तुम्ही मला का बोलावलंत?"

"वही तुझ्याकडे. आणि वाटलं, आता तरी वाचून येशील."

पंख्याच्या वाऱ्याने वहीचा पुठ्ठा उघडत मिटत होता.

"आणि खरा शेवट?" तिने शेवटी विचारलं. "हा भट्टीचा तर मुद्दाम लिहिलेला आहे ना? खरा कुठे आहे?"

सोपानकाकांनी मान हलवली. "लिहिलाच नाही त्याने. ससा पकडलास की तुझ्याशी बसून बोलायचं होतं त्याला. म्हणायचा, भाडेकरू हरतो का नाही हे मला एकट्याला ठरवता येईना. माझ्या डोक्यात जे येतं ते मला पटतंच, म्हणून मी माझ्यावर भरवसा ठेवत नाही. स्वरूपा म्हणेल, बाबा, इथे खोटं आहे. मग कळेल." ते थांबले. "मी विचारलं, आम्ही न्हाई का? म्हणाला, तुम्ही मला दुखवायला घाबरता, ती घाबरत नाही."

म्हणजे तो शेवट आता कुठेच नव्हता. कपाटात नाही, दुसऱ्या वहीत नाही. एका सकाळी ओट्यापाशी तो होऊ शकला असता, आणि खाली टॅक्सी उभी होती.

"कंपनीत अशा वेळी काय करतात?" तिने कस्तुराला विचारलं. आपला आवाज एवढा सरळ कसा निघाला याचं तिला आश्चर्य वाटलं. "नग सुटला तर?"

कस्तुराने सोपानकाकांकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही. "सगळा लॉट थांबवायचा," ती म्हणाली. "पास केलेला पण. आणि ज्याच्याकडून सुटला त्यानंच पहिल्या नगापासून परत तपासायचा. दुसऱ्यानं नाही."

स्वरूपाने पर्समधून पेन्सिल काढली. पहिल्या पानावरच्या चौकटीत तिने 'पास' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी आजची तारीख घातली. सही खोडली नाही. ती तशीच दिसायला हवी होती.

"हितंच वाचनार?" आबाजींनी विचारलं.

"चालेल ना?"

"चालंल की. सांजेपातूर कोन येत न्हाई." ते जरा घुटमळले. "ताई, मंग तुला काय वाटतं? मरतो का त्यो? तू एवढी शिकलेली."

"मला अजून सांगता येणार नाही, आबाजी."

ते 'बरं' म्हणाले, आणि चहा सांगायला बाहेर गेले. सोपानकाकांनी खिशातून चष्मा काढला, पण त्यांच्याजवळ वाचायला काही नव्हतं. ते तो हातात धरून बसले.

तिने पहिलं प्रकरण उघडलं. 'तो आला तेव्हा त्याने कोणाला घराबाहेर काढलं नाही,' असं वडिलांनी लिहिलं होतं, 'फक्त संध्याकाळी दिवा कोणी लावायचा, ते तो ठरवू लागला.'

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. पेन्सिल हातात होती, पण समासात लिहिण्यासारखं काही नव्हतं. वाक्य चांगलं होतं. ते चांगलं असेल असं तिला दीड वर्षात एकदाही वाटलं नव्हतं, आणि सही केल्याच्या लाजेहून ही लाज मोठी होती. मान वर न करता ती पुढच्या ओळीवर गेली.