कळवळण्याचं काम

"आई गं!" नाटकवाल्या बाई कळवळल्या. जरा जास्तच. तसंच ठरलं होतं.

(भूमिका: सुट्टीसाठी गुडघेदुखीचं सोंग घेतलेली कारकून. गुडघा ठणठणीत. सोंग ओळखेल तो विद्यार्थी पास.)

सकाळपासून डॉक्टरकीची पोरं परीक्षेला एकेक करून येत होती. गुडघा दाबायची, पण बघायची बाईंच्या चेहऱ्याकडे. मग "काही झालेलं नाही तुम्हाला" म्हणून हसायची. कोपऱ्यात बसलेले परीक्षक मान डोलवायचे. बाई खुशीत होत्या. पडदा नाही, दिवे नाहीत, पण प्रयोग रंगला होता.

आता आलेली मुलगी मागच्या खेपेला नापास झालेली. परीक्षकांनी ते आल्या आल्या ऐकवलं.

"या वेळी तरी डोकं शांत ठेवा, बाईसाहेब."

"हो, सर."

तिने बाईंचे पाय शेजारी शेजारी ठेवले. हाताची मागची बाजू डाव्या गुडघ्यावर टेकवली. मग उजव्या. परत डाव्या.

बाईंचं "आई गं" म्हणायचं राहूनच गेलं.

(इथे बाई उजवा पाय हळूच मागे घेतात. संहितेत नव्हतं.)

"उजवा गरम आहे, सर. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजलेत. सूज आहे."

"अगं, त्या नटी आहेत."

"सूज कशी आणतील?"

"परत नापास व्हायचंय का?"

मुलीने पुन्हा हात टेकवला.

"गरम आहे," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, शब्द तेच.

(बाईंसमोर दोन वाक्यं. पहिलं: 'काहीतरीच काय!' ते म्हटलं की शनिवारच्या नाटकातला नाच बाईंचाच राहणार, आणि पोरगी परत नापास. दुसरं वाक्य पाठ नव्हतं.)

"सर," बाई म्हणाल्या, "सकाळी उठलं की पाय सरळच होत नाही. बरेच दिवस झाले. कुणाला बोलले नाही, नाच गेला असता. आज निदान हक्काने ओरडता तरी येत होतं."

परीक्षक उठले. त्यांनी हात लावला.

"अरेच्चा!"

मग मुलीकडे वळून, "पास."

मुलीचं लक्षच नव्हतं. ती खाली बसून विचारत होती, "मावशी, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना?"

"उतरताना. आणि टाळ्या घ्यायला वाकताना."

"ताप वगैरे?"

"नाही गं."

"नाच मात्र काही दिवस बंद."

"आमच्याच नाटकातली माझी जाऊ त्या नाचावर टपूनच बसली आहे. नाचू दे एकदाची. मी पहिल्या रांगेत बसून नावं ठेवीन."

मुलगी खळखळून हसली. परीक्षकसुद्धा.

घंटा वाजली. दार किलकिलं करून पुढच्या विद्यार्थ्याने डोकं आत घातलं.

"थांब रे जरा," बाई ओरडल्या. "आत पेशंट आहे."