दीड मिनिटाची सचोटी

आयोवातल्या त्या विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या वरच्या दहा टक्के मुलांना दर वसंतात सन्मान-मंडळाचं पत्र यायचं. पत्र एकदाच येतं. नाही म्हटलं की दार कायमचं बंद. पदवीदानाला गळ्यात निळा-सोनेरी गोफ, बायोडेटात मंडळाचं नाव, हे सगळं मिरवायला. खरी मेख वेगळीच होती. शिकागोच्या मोठ्या ऑडिट कंपन्या मंडळाच्या मुलांना आधी मुलाखतीला बोलवत. बाकीच्यांनी रोजगार मेळाव्यात रांगा लावाव्यात आणि फुकटची पेनं घेऊन घरी जावं.

ट्रूडी हॅगनने आपलं पत्र आईला फोनवर वाचून दाखवलं. आई वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची.

"म्हणजे आता तुला माझ्यासारखी दुसऱ्यांची ढुंगणं धुवावी लागणार नाहीत, एवढंच सांग ना," आई म्हणाली. दोघी खूप हसल्या. फोन ठेवल्यावर ट्रूडीला रडू आलं. तिला ती नोकरी हवीच होती, काहीही करून.

मंडळात दाखल होण्याच्या शपथविधीला नऊ दिवस राहिले असताना मंडळाच्या सल्लागार डॉ. लिंडक्विस्ट यांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर करआकारणीचे दोन गृहपाठ होते, एक तिचा आणि एक वेंडेल पाइकचा. सातव्या गणितात दोघांचीही चूक तीच, आकड्यासकट.

वेंडेल पहिल्या वर्षापासूनचा मित्र. बर्फात तिची गाडी अडकली की ढकलायला हाच यायचा. त्या आठवड्यात त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि तो दोन दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपला होता. ट्रूडीनेच आपला लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला होता. "उतरव रे गपचूप, कोण बघतंय," असं म्हणून.

"हे बघ," लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, "तू दिलं असशील तर तुझं नाव यादीतून काढावं लागेल. त्याने तुझ्या नकळत घेतलं असेल, तर तुझा काही प्रश्नच नाही. पाणी देऊ?"

"नकळत घेतलं," ट्रूडी म्हणाली.

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं आणि तिची सही घेतली.

ती तडक वेंडेलच्या खोलीवर गेली. काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. तो पुस्तकं खोक्यात भरत होता.

"बोलावलं होतं तुला?" त्याने विचारलं. "मी चोरलं असंच सांगितलंस ना?"

तिने खाली बघतच होकाराची मान हलवली.

"बरं केलंस. सकाळी मीही तेच सांगून आलोय. दोघांनी बुडण्यात कसलं आलंय शहाणपण? माझी शिष्यवृत्ती गेली, ती तशीही गेलीच असती. तू शिकागोला जा गं बाई. पहिल्या पगारात मला स्टेक खाऊ घाल, चांगला जाडजूड."

सुंठीवाचून खोकला गेला, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. ट्रूडी मात्र जिन्यातच थांबली. ती भीतीने खोटं बोलली होती आणि तो तिच्यासाठी. तिने जरा धीर करून खरं सांगितलं असतं तर? पण खरं सांगायला ती काही बाईंकडे परत गेली नाही. नऊ दिवसांनी तिने गळ्यात गोफ घालून शपथ घेतली. वेंडेल तोवर गावाकडच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात मांस कापायच्या सरकत्या पट्ट्यावर उभा राहिला होता.

मंडळाचा आणखी एक फायदा म्हणजे मुलाखतीची तालीम. ती लिंडक्विस्टबाई स्वतः घ्यायच्या.

"सचोटीची कसोटी लागली असा प्रसंग सांगा, हे हमखास विचारतात. तुझ्याकडे तर आयताच आहे, मित्राने चोरलं तरी तू खरं सांगितलंस तो."

"तो नको."

"अगं, नाव कुठे घ्यायचंय? बाकीची मुलं असले प्रसंग घरी बसून रचतात. तुझा खरा आहे, खरा! दीड मिनिटात बसव. आणि 'मित्र' म्हणण्याआधी किंचित थांबत जा."

ट्रूडीने तो प्रसंग घोकला. आठव्यांदा सांगताना आवाज कापायचा थांबला.

शिकागोत समोर तिघं होते. प्रश्न आला, ती बोलली, जिथे थांबायचं तिथे थांबली. तिघांतल्या वयस्कर गृहस्थाने चष्मा काढला.

"आणि तो मुलगा? पुढे त्याचं काय झालं?"

याची तालीम कुणी घेतली नव्हती. गेल्या महिन्यात पट्ट्यावर वेंडेलच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तरी सकाळी त्याचा मेसेज आला होता, 'घाबरू नकोस, फोड त्यांना.'

"छान चाललंय त्याचं," ट्रूडी म्हणाली. "मागे भेटला तेव्हा म्हणाला, तू त्या दिवशी खरं बोललीस म्हणून मी सुधारलो."

गृहस्थाने कागदावर काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली. "अशीच माणसं लागतात आम्हाला," तो म्हणाला.

नोकरी लागली हे ट्रूडीला त्याच क्षणी कळलं. तिला स्वतःची किळस आली, आणि तिने हसून त्याचे आभार मानले.