हळू आवाजातलं राजकारण

मिस्त्री आणि घड्याळवाले एकमेकांचे व्याही. मिस्त्रींची लेक घड्याळवाल्यांच्या घरात दिलेली, म्हणजे नातं साखरेचं. पण निवडणूक जवळ आली की दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. यंदा वाद शहराच्या बसगाड्यांचा होता. मिस्त्रींची हयात बस डेपोत गेलेली. त्यांचा पक्ष म्हणे, गाड्या कंत्राटदाराला मुळीच द्यायच्या नाहीत. व्याह्यांचा पक्ष म्हणे, आजच देऊन टाका. गेल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर दोघे असे काही कडाडले की दहा महिन्यांची नात रडून रडून लालबुंद झाली.

लेकीने दोघांना समोर बसवलं. "अण्णा, बाबा, नीट ऐका. सोमवारपासून मी कामावर जाणार. बाळाला मी रोज इथे, अण्णांकडे आणून सोडेन, तुम्ही दोघांनी मिळून सांभाळायचं. एकदा जरी वाजलं, तरी पाळणाघर. मग रविवारी आमच्या घरी येऊन बघून जा, पाहुण्यासारखं."

दोघांच्या बायकांनी आधीच हात वर केले होते. आम्ही पोरं वाढवली, आता तुमची पाळी, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या.

लेक लहान असताना मिस्त्री पहाटे निघत आणि ती झोपल्यावर परतत. तिचं पहिलं पाऊल त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. आता नातीच्या रूपाने पुन्हा संधी आली होती, आणि ती काय या व्याह्याच्या तोंडाळपणापायी घालवायची? स्वतःचं तोंड केवढं आहे, हे अर्थातच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

नात एक नंबरची नखरेल निघाली. शांततेत तिला झोप येईना. कुणी हळू, एकसुरी बोलत राहिलं की डोळे मिटायची, थांबलं की उघडायची, आणि आवाज चढला की भोकाड पसरायची. दोघे एकदम बोलले तर विचारायलाच नको. तेव्हा ठरलं, एकाने मांडीवर घ्यायचं, दुसऱ्याने बोलायचं. मंगळवारपर्यंत पाढे संपले, ओळखीपाळखीतली सगळी लग्नं आणि दुखणी संपली. बुधवारी घड्याळवाल्यांपाशी राजकारणाखेरीज काही उरलं नाही.

"सरकारी लोकांच्या हाती काही म्हणजे काही ठेवू नये," ते अंगाईच्या सुरात म्हणाले.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडीवर नात. ते नुसते मांडी हलवत राहिले.

"आमचे वडील घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा परवाना नवा करायला सरकारी कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे," घड्याळवाले पुढे म्हणाले. "साहेब येतील, साहेब जेवायला गेलेत. रोज तेच. ज्या माणसानं जन्मभर गिऱ्हाइकाला आधी खुर्ची दिली आणि मग काय बिघडलंय ते विचारलं, त्याला कुणी बसा म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, नकोच मला दुकान. खिडकीमागचा माणूस तुमच्यासारखा भलाही असेल, मिस्त्री. पण मला आपली ती खिडकीच दिसते."

मिस्त्रींचं सडेतोड उत्तर तयार होतं, पण पाळी येईपर्यंत ते शिळं झालं. नात व्याह्यांच्या मांडीवर गेली तेव्हा ते भलतंच बोलून गेले.

"ब्रेक बरोबर नसले की मी गाडी अडवायचो. मी नाही म्हटल्यावर साहेबाचीही टाप नव्हती ती बाहेर काढायची. मग आमचा एक विभाग कंत्राटदाराकडे गेला. तिथे मी अशीच एक गाडी अडवली, तर त्याचा माणूस म्हणाला, काका, तुम्हाला विचारलंय कुणी? गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली, माणसांनी भरलेली. ती परत येईपर्यंत मी डबा उघडला नाही."

"आली?"

"आली. नशीब त्या लोकांचं."

मिस्त्री तिथेच थांबले. नातीने डोळे उघडले, तशी घड्याळवाले घाईघाईने म्हणाले, "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही बोलू कुठे देता?"

दोघांनाही हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता पोटं दुखली.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रींनी आपणहून विचारलं, "मग तुमच्या वडिलांचं पुढे काय झालं?" इतक्या वर्षांत व्याह्यांना विचारलेला हा त्यांचा पहिला खरा प्रश्न. घड्याळवाल्यांनी सुरुवात केली, तोच गल्लीत प्रचाराची गाडी शिरली. कर्णा मिस्त्रींच्याच पक्षाचा. वरच्या काचा थरथरल्या आणि घड्याळवाल्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

मिस्त्री तसेच पायात चपला सरकवून खाली उतरले.

"बंद कर ते."

"अण्णा, तुम्ही तर आपले!" कार्यकर्ता चाटच पडला.

"आपलाच आहे. मतही तुम्हालाच. पण आत्ता बंद कर."

"बाळ झोपलंय होय?"

"बाळ कधीच उठून खेळतंय. वर माझे व्याही बोलतायत."

कर्णा थांबला. मिस्त्री वळले, तर कामावरून आलेली लेक फाटकाशी उभी. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"अण्णा, सोमवारी आणू ना बाळाला?"

"आण की," मिस्त्री म्हणाले, "आणि आता जिना जरा हळू चढ. त्यांचं सांगायचं राहिलंय अजून."