शुद्ध पाणी

पंकजाने दुसऱ्या बॅटरीचं शेवटचं बूच सोडवलं आणि आत टॉर्च धरला. सगळ्या खणांत पाणी अगदी खुणेच्या रेघेपर्यंत होतं. तिने हायड्रोमीटरची नळी बुडवून थोडं आम्ल वर ओढलं. काचेची कांडी लाल पट्ट्यात जाऊन बसली. चोवीस तास चार्जरला लावलेली बॅटरी अर्धीही भरली नव्हती.

“कसाला एवढं वाकून बघतीस?” ओट्यावर बसलेले व्यंकोबा म्हणाले. “गाडी म्हातारी झाली. माझ्यासारखी.”

“चार महिन्यांत गाडी म्हातारी होत नाही, अप्पा.”

गेल्या एकादशीला गोविंदपुरम्‌च्या वाटेवर, भजनाला जाताना, ही बॅटरीवरची सायकल बंद पडली. एकाहत्तर वर्षांच्या व्यंकोबांनी ती मैलभर ढकलली आणि मग छातीवर हात ठेवून ते रस्त्याच्या कडेला बसले. पेंढा नेणाऱ्या एका बैलगाडीतून दोघं घरी आली, ते आणि सायकल. त्यानंतर त्यांनी गोविंदपुरम्‌चं नाव काढलं नव्हतं. टाळांची पिशवी खुंटीवर होती. त्याआधी चाळीस वर्षांत एका एकादशीचं भजन चुकलं नव्हतं. पुढची एकादशी नऊ दिवसांवर होती.

चौऱ्याण्णव साली विजेवर चालणारी सायकल कुंभकोणमच्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. डॉक्टरांनी पायडल मारायला बंदी केली, तेव्हा पंकजाने आलेखाच्या कागदावर ती काढली आणि विजेच्या मोटारींना तार गुंडाळून देणाऱ्या व्यंकटरमणकडून करवून घेतली. आधी तिने अप्पांचं जाणं-येणं तीन भागांत मांडलं. बाजारासाठी पुढे टोपली आणि स्कूटरची लहान बॅटरी पुरे. मरुदानल्लूरच्या भजनाला एक मोठी बॅटरी. गोविंदपुरम्‌ला जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर होत, म्हणून कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दोन मोठ्या, मागच्या चाकाला जाड आरे आणि रुंद टायर. अप्पा म्हणाले, तिसरंच हवं. पहिल्या दोन्हींसाठी त्यांना गाडी नकोच होती.

गुडघा दांडीवरून पलीकडे जात नसे, म्हणून सांगाडा बायकांच्या सायकलीचा घेतला.

“सामी, हँडलला मोगऱ्याचा गजरा पण बांधून देऊ?” व्यंकटरमणने विचारलं होतं.

“दे की,” व्यंकोबा त्याच्याच तमिळमध्ये म्हणाले होते. “तेवढाच देवाला नेईन. तुला कोण नेतंय?”

पंकजाने बुचं परत बसवली आणि हात सोड्याने धुतले. मग ती कोनाड्याकडे गेली. बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली तिने पहिल्याच आठवड्यात तिथे आणून ठेवली होती. बाटलीचं सील तसंच होतं.

ती बाटली घेऊन बाहेर आली.

“अप्पा, ही फोडलीच नाही?”

“ती कसाला? शुद्ध पाणी घाल म्हणालीस. मी शुद्धच घालतो.”

“कुठलं?”

“विहिरीचं. पहाटे न्हाऊन ओल्या पंच्याने ओढलेलं. अस्के, बाराच्या बारा खण माझ्या हातांनी भरले. देवाच्या तुळशीची टोपली बरोब्बर त्या बॅटरीच्या डब्यावर बसते, पंकू. ह्या बाटलीत कुणी, कुठे, कसलं भरलंय, कुणाला ठाऊक?”

पंकजाला तो दिवस आठवला. अप्पांशी बोलताना ती शक्यतो इंग्रजी शब्द टाळत असे. डिस्टिल्ड म्हणायच्या जागी तिने शुद्ध म्हटलं होतं. त्यापेक्षा नेमका शब्द तेव्हा तिला सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या कॉलेजातून येताना तिने दोन परीक्षानळ्या आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी कुपी आणली. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलींना ती हेच दाखवत असे. एका नळीत तिने बाटलीतलं पाणी घेतलं, दुसरीत अप्पांनी कळशीतून वरून ओतलेलं. दोन्हींत एक-एक थेंब टाकला. पहिली नळी नितळ राहिली. दुसरीत पांढरा ढग उतरला.

“दुधासारखं झालं,” व्यंकोबा म्हणाले. “चांगलंच की.”

“हे मीठ आहे, अप्पा. विहिरीतलं. तेच बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या खातं.”

व्यंकोबांनी नळी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग जपून परत दिली.

“म्हणजे मीच मारली.”

“नव्या बॅटऱ्या आणू. मीठ नसलेलं पाणी घालू.”

“त्या बाटलीतलं?” त्यांनी मान हलवली. “तुळशीखाली ते नको. राहू दे ती गाडी. इथेच बसून नाव घेईन. देवाला ऐकू येतं.”

ते खुंटीकडे बघत नव्हते. पंकजाने बघितलं.

“मी करून आणीन,” ती म्हणाली. “कॉलेजात. पाणी उकळायचं, वाफ धरायची, वाफेचं परत पाणी. मीठ खालीच राहतं.”

“कोण करणार?”

“मी.”

“न्हाऊन?”

तिने कुपीचं बूच घट्ट केलं.

“न्हाऊन.”

नव्या बॅटऱ्या आल्या. एकादशीला व्यंकोबा उजेड असतानाच परतले आणि आल्याआल्या फराळालाही नको म्हणाले, एवढी प्रसादाची फळं खाऊन आले होते. पुढच्या एकादशीलाही गेले. पाण्याचा विषय कुणी काढला नाही.

नव्या बॅटऱ्यांना पहिलं पाणी लागायला पाच आठवडे गेले. दुकानातल्या बाटलीचं पाणी काचेच्या बाटलीत ओतून आणलं असतं, तर हायड्रोमीटरला फरक कळला नसता. अप्पांनाही नसता.

सोमवारी पंकजा पहिल्या बसने कॉलेजात गेली. तास सुरू व्हायला दोन तास होते. तिने पिशवीतून काठीवर वाळवलेलं सोवळ्याचं सुती लुगडं काढलं, वसतिगृहाच्या न्हाणीत ते नेसूनच डोक्यावरून पाणी घेतलं, आणि तशीच प्रयोगशाळेत येऊन ऊर्ध्वपातनाची शेगडी पेटवली.

साडेआठला प्रयोगशाळेची अलमेलु झाडू घेऊन दारात आली. दारापासून टेबलापर्यंत ओल्या पावलांची रांग होती. पंकजाच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

“टीचर, बाहेर पाऊस आहे?”

पंकजाने खिडकीकडे पाहिलं. अंगणात कोरडं ऊन पडलं होतं.

“नाही,” ती म्हणाली, आणि धुतलेली बाटली नळीच्या तोंडाखाली सरकवली.