झगा माझा आहे, ओढू नका

ए, हसायचं काम नाही. मी कॅनव्हास बोलतोय. हो, माझ्या अंगात जाळीचा झगा आहे. रंगवलेला नाही, खराखुरा, डिंकाने चिकटवलेला. तुम्हाला हसू येतं, मला आता अंगवळणी पडलंय.

जन्मलो तेव्हा नुसता कोरा होतो, मख्ख. मला घडवलं धाकटीने. ती चित्रकार, म्हणजे हाताला लागेल ते चिकटवणारी बाई. रंग, वाळू, दोरे, पडद्याची झालर, एकदा तर चहाचा चोथा. एका जुन्या बॅलेवर तिने पाच चित्रं काढायला घेतली. त्या नाचात पानगळीची राणी असते, पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून गिरक्या घेते. माझ्यावर तीच राणी आहे. मी पाचवा, शेंडेफळ. म्हणून सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाह्यात.

आता गंमत ऐका. एके काळी ही राणी होऊन खरोखर नाचायची ती धाकटीची थोरली बहीण. मग तिचा गुडघा गेला. तेव्हापासून झगा पेटीत, पेटी माळ्यावर आणि नाचाचं नाव काढायचं नाही. अशात धाकटीने काय करावं? थोरली दवाखान्यात गेलेली बघून पेटी उतरवली, झगा कापला आणि माझ्या कमरेला डकवला. वर मलाच दम, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी कशाला सांगतोय? एवढं भारी कापड मला दुसरं कोण देणार होतं?

प्रदर्शन उद्यावर आलं आणि थोरली चित्रं बघायला आली. धाकटीने मला घाईघाईने भिंतीकडे तोंड करून उभं केलं, शिक्षा केल्यासारखं. बाकीची चार बघून थोरली निघालीच होती. पण माझ्या झग्याची कड बाजूने बाहेर डोकावत होती. म्हणजे, मीच काढली होती जराशी. इतकं नटायचं आणि भिंतीला दाखवायचं होय?

थोरलीने मला फिरवलं. मी पोट आत घेतलं.

"माझा आहे हा," ती म्हणाली.

"ताई, तू कुठे परत घालणार होतीस?"

"ते तू ठरवणार?"

थोरलीने टेबलावरची कात्री उचलली. संपलं, म्हटलं. आज उघडं पडायचं, तेही ऐन पाहुण्यांच्या तोंडावर. कात्री झग्याशी आली, थांबली आणि खाली घसरली, राणीच्या पायाशी. तिथे धाकटीने खरी साटिनची फीत लावून घोट्यामागे हे एवढं फूल बांधलं होतं. भेटवस्तूच्या खोक्यावर असतं तसं.

"आणि हे काय?"

"फूल. छान दिसतं."

"हे बांधून गिरकी घे, तोंडावर आपटशील."

खचकन फूल गेलं. गाठ घोट्याच्या आतल्या बाजूला मारायची आणि टोकं फितीखाली खोचायची, असं थोरली सांगत होती. धाकटीला काही जमेना. मुद्दाम चुकत होती की काय, कोण जाणे. शेवटी माझ्यासारखीच ती. थोरली वैतागली, चप्पल काढली आणि फितीचा दुसरा तुकडा स्वतःच्या घोट्याला गुंडाळून दाखवला. दाखवता दाखवता टेबल धरून टाचा उचलल्या. जराशाच.

माझ्या रंगाचा एक पोपडा सुटायला आला होता, तोही मी धरून ठेवला.

"राहू दे झगा," टाचा टेकवत ती म्हणाली. "पुढच्या वेळी विचारून काप."

बाकीची चौघं विकली गेली. मला विकायचं नाही, असं थोरलीनेच सांगितलं. आता ती पोरींना नाच शिकवते आणि मी तिच्या वर्गात टांगलेला असतो. पोरी माझ्याकडे बघून फीत बांधतात आणि जाता जाता झग्याची जाळी उपटतात. डाव्या बाजूला टक्कल पडलंय.

हात जोडले असते, पण राणीचे हात वर अडकलेत. म्हणून तोंडीच सांगतो. पोरींनो, ओढायचंच असेल तर एकमेकींच्या वेण्या ओढा. आणि ताई टाचा उचलते तेव्हा माझ्यासमोरून बाजूला व्हा, मला दिसत नाही.