वाक्य पुरं होईपर्यंत

माझा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. शाळेत खेळ शिकवते, जाणारच! म्हणून तर वकीलबाईंनी कोर्टाच्या दारातच मला बजावलं, "ताई, आत तुम्ही ब्रसुद्धा काढायचा नाही. ती स्वतःच्या तोंडाने बोलली, तरच घटस्फोट मिळेल."

ती म्हणजे माझी धाकटी बहीण. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते. लहानपणापासून बोलताना अडखळते. पण जरा दम धरलात तर बोलते हो! आमच्या जावईबापूंना तेवढा धीर कुठला? तिचं प्रत्येक वाक्य ते स्वतःच पुरं करायचे. तिला काय खायचंय, कुठे जायचंय, मूल हवंय की नको, सगळं यांच्याच तोंडून. शेवटी ती बॅग भरून माझ्याकडे आली. दोघांच्या संमतीने अर्ज झाला, मधली मुदतही संपली, आणि आज दोघांनी शेवटचं 'हो' सांगायचं होतं.

"तुमचा निर्णय कायम आहे ना?" न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं.

"म... म... मला..."

टायपिस्टची बोटं थांबली. मागे कुणीतरी उगाच खोकलं. मी पर्स अशी आवळली की बंद तुटायचाच बाकी होता.

"तिला अजून विचार करायचाय," जावईबापू गोड आवाजात म्हणाले. "मॅडम, पुढची तारीख द्या."

मेल्या, इथेसुद्धा? माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात धाकटीने मागे न बघताच हात वर केला. तो इशारा मला होता. मी गपकन तोंड मिटलं.

"मला..." तिच्या गळ्याची शीर टरारून फुगली. "मला व... विचार करायचा नाही. माझा निर्णय झालाय. आणि मॅडम, माझं व... वाक्य मीच संपवणार."

"जसं बोलल्या तसंच घ्या," न्यायाधीशबाईंनी टायपिस्टला सांगितलं. मग जावईबापूंकडे वळल्या. एवढा बोलघेवडा माणूस, पण एक 'हो' म्हणताना घाम फुटला.

ही माझी बहीण, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं मला. सांगितलं असतं, तर खालच्या मजल्यावरचे खटलेही थांबले असते.

व्हरांड्यात जावईबापू समोर आले. "त... त..." धाकटी बोलायला गेली. सवयीने त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ओठ मिटले आणि ते थांबले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"तब्येतीला जप," ती म्हणाली.

ते बाजूला झाले. आम्ही जिना उतरलो आणि टॅक्सीत बसलो.

"कुठे जायचं, ताई?" टॅक्सीवाल्याने आरशातून मलाच विचारलं.

मी ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत राहिले. थांब की जरा, बाबा. सांगेल ती.